बेटावरची विहीर आटत नाही, खारट होते

मालवणला जाऊन आलेले पुणेकर सिंधुदुर्ग किल्ल्याची एक गोष्ट हमखास सांगतात. चहूबाजूंनी समुद्र आणि किल्ल्याच्या पोटात दूधबाव, दहीबाव व साखरबाव या तीन विहिरींना मात्र गोडे पाणी. होडीतून परतताना कोणी त्याला चमत्कार म्हणतो, तर कोणी किनाऱ्यावरचा एखादा झरा समुद्राच्या तळाखालून तिथवर आला असावा असा तर्क लढवतो. पुढे उन्हाळ्यात सोसायटीच्या दारात टँकर उभे राहू लागले, किंवा मनोरीला समुद्राचे पाणी गोडे करण्याच्या मुंबई महापालिकेच्या प्रकल्पाची बातमी आली, की हाच विषय वेगळ्या रूपात निघतो. भर समुद्रात गोडे पाणी लागत असेल तर किनाऱ्यावर आणि बेटांवर टंचाई का असावी? चार बोअर जास्त मारल्या तर काय बिघडले?

बिघडते, आणि तेही आपल्याला सवयीच्या असलेल्या पद्धतीने बिघडत नाही. पुण्यात बोअर संपते तेव्हा ती हवा मारू लागते, मोटार गरम होते, आणि पाणी संपल्याचे त्याच दिवशी समजते. बेटावरच्या विहिरीत पाणी शेवटपर्यंत तेवढेच दिसते. फक्त ते आधी मचूळ आणि मग खारट होत जाते.

पाण्यावर तरंगणारे पाणी

बेटावरचे गोडे पाणी कुठल्या दूरच्या झऱ्यातून येत नाही. ते बेटावर पडलेल्या पावसाचेच असते. बेटाखालची वाळू किंवा सच्छिद्र खडक बाजूने येणाऱ्या समुद्राच्या पाण्याने भरलेला असतो. वरून मुरलेला पाऊस त्या खाऱ्या पाण्याला जाऊन भेटतो, पण खारे पाणी जड आणि पावसाचे पाणी हलके असल्यामुळे तो वरच राहतो.

हे पटत नसेल तर स्वयंपाकघरात करून पाहता येते. काचेच्या ग्लासात अर्धा ग्लास पाणी घेऊन त्यात दोन चमचे मीठ पूर्ण विरघळवावे. दुसऱ्या भांड्यात साध्या पाण्यात निळ्या शाईचे दोन थेंब टाकावेत आणि हे निळे पाणी चमच्याच्या पाठीवरून, ग्लासच्या कडेने, अगदी हळू सोडावे. मी पहिल्यांदा घाई केली आणि सगळा ग्लास फिकट निळा झाला. दुसऱ्यांदा धार सुतासारखी धरली, तेव्हा निळा थर वर आणि मिठाचे पाणी खाली असे दोन मजले झाले. रात्री ओट्यावर ठेवलेला तो ग्लास सकाळीही तसाच होता. मात्र दोन्ही थरांमधली रेघ आता रेघ राहिली नव्हती, तिचा बोटभर रुंदीचा पुसट पट्टा झाला होता.

पाणी साठवून ठेवणाऱ्या आणि विहिरीला ते देऊ शकणाऱ्या थराला भूजलशास्त्रात जलधर म्हणतात. वाळूच्या किंवा चुनखडीच्या बेटाखालच्या जलधरात गोडे पाणी मध्यभागी जाड आणि किनाऱ्याकडे पातळ होत गेलेल्या थराच्या रूपात असते. उभा छेद घेतला तर हा आकार भिंगासारखा दिसतो, म्हणून त्याला गोड्या पाण्याचे भिंग असेच म्हणतात. कातळाच्या बेटावर पाणी भेगांमध्ये साठते आणि आकार इतका सुबक नसतो, तरी वर हलके आणि खाली जड हा नियम तिथेही सुटत नाही.

एकास चाळीस

सरबताच्या ग्लासात बर्फाचा खडा टाकला की त्याचा जेमतेम दहावा हिस्सा वर दिसतो आणि बाकीचा पाण्याखाली असतो. गोड्या पाण्याचे भिंगही खाऱ्या पाण्यात असेच तरंगते, पण दोघांच्या वजनातला फरक फारच थोडा असल्यामुळे प्रमाण अधिक टोकाचे असते. एक लिटर गोडे पाणी एक किलो भरते, तर समुद्राचे पाणी सुमारे एक किलो पंचवीस ग्रॅम. या पंचवीस ग्रॅमच्या फरकातून असा हिशेब निघतो की, भूजलाची पातळी समुद्रसपाटीपेक्षा १ मीटर वर असेल तर तिच्या खाली सुमारे ४० मीटर खोलपर्यंत गोडे पाणी असते. डच अभियंता बाडोन घायबेन यांनी १८८८-८९ च्या सुमारास आणि जर्मन अभियंता हेर्झबर्ग यांनी १९०१ मध्ये हा हिशेब स्वतंत्रपणे मांडला. हेर्झबर्ग यांच्यासमोर उत्तर समुद्रातल्या एका छोट्या बेटाच्या पाणीपुरवठ्याचा प्रश्न होता.

हा हिशेब ऐकायला आनंदाचा वाटतो. एक मीटरच्या मोबदल्यात चाळीस मीटर कोणाला नको आहेत? पण तोच हिशेब उलट दिशेनेही लागू होतो. उपसा वाढून भूजलाची पातळी केवळ २५ सेंटिमीटर, म्हणजे वीतभर, खाली गेली तर खालचे खारे पाणी कालांतराने १० मीटर वर सरकते. विहिरीत डोकावणाऱ्याला वीतभर फरक जाणवतही नाही आणि तेवढ्यात खालून तीन मजली इमारतीच्या उंचीएवढे गोडे पाणी नाहीसे झालेले असते. अर्थात हे दुसऱ्या दिवशी घडत नाही, त्याला अनेक वर्षे लागू शकतात. प्रत्यक्षात गोडे आणि खारे यांच्यामध्ये माझ्या ग्लासातल्यासारखा मचूळ पाण्याचा पट्टाही असतो, आणि भरती-ओहोटीच्या हालचालीने तो अधिकच रुंद होतो, त्यामुळे वापरता येण्याजोगे पाणी कागदावरच्या हिशेबापेक्षा कमीच भरते.

तर्री आणि रस्सा

मिसळीच्या पातेल्यातून तर्री काढणारा माणूस पळी आडवी धरून वरच्यावर फिरवतो. तीच पळी कोणी उभी बुडवली तर खालचा रस्सा हाती लागतो. बेटावरच्या विहिरीला नेमकी हीच सावधगिरी लागते, आणि बोअर म्हणजे उभी बुडवलेली पळी. तेल आणि रस्सा पुन्हा वेगळे होतात, गोडे आणि खारे पाणी एकदा मिसळले की आपोआप वेगळे होत नाही, एवढा फरक मात्र लक्षात ठेवावा लागेल.

जोरदार पंप लावलेल्या बोअरभोवती भूजलाची पातळी खोलगट होते. तिच्या बरोबर खाली खारे पाणी उलट्या नरसाळ्यासारखे वर उचलले जाते, आणि उपसा चालूच राहिला तर नरसाळ्याचे टोक बोअरच्या तळाला भिडते. पुण्यात पाणी कमी झाले की बोअर आणखी शंभर फूट खाली न्यावी असे सांगणारे भेटतात. आपल्या काळ्या पाषाणात त्याचा कधी उपयोग होतो, बऱ्याचदा होत नाही, पण नुकसान निदान पैशांपुरतेच राहते. बेटावर खोल जाणे म्हणजे स्वतःहून समुद्राच्या भेटीला जाणे होय. वाळूतून गाळून पाणी गोडे होत असेल, ही समजूतही सोडून द्यावी लागेल, कारण वाळू गाळ अडवते, विरघळलेले मीठ तिच्यातून सहज निघून जाते.

चार चमचे समुद्र

समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्यांपैकी क्लोराइड सुमारे १९ ग्रॅम. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात क्लोराइडची स्वीकार्य मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आहे. म्हणजे एक लिटर चांगल्या पाण्यात चार चहाचे चमचे, सुमारे २० मिलिलिटर, समुद्राचे पाणी पडले तरी ही मर्यादा ओलांडली जाते. शंभर भागांत पाच भाग समुद्र आला तर पाणी पिणे नकोसे होते आणि बरीचशी पिके ते सोसत नाहीत. जलधर बाद व्हायला तो समुद्राने भरावा लागत नाही, एवढेसे मिश्रण पुरते.

परतीची वाट तर फारच लांब असते. बारीक छिद्रांत शिरलेले खारे पाणी पावसाने धुऊन निघायला कित्येक वर्षे, कधी दशके लागतात, आणि तोवर उपसा थांबवून ठेवण्याची तयारी गावाला दाखवावी लागते.

कोरड्या बेटांचे वेगळे दुखणे

सिंधुदुर्गाच्या विहिरी गोड्या राहतात, कारण तिथे कोकणातला मुसळधार पाऊस पडतो आणि उपसा बादलीचा असतो. ज्या बेटांवर पाऊसच कमी पडतो त्यांची स्थिती पाहायची तर माल्टा हे उत्तम उदाहरण आहे. भूमध्य समुद्रातला हा द्वीपदेश अवघा ३१६ चौरस किलोमीटरचा, म्हणजे पुणे महापालिकेच्या हद्दीपेक्षाही लहान आहे. तिथली लोकसंख्या पाच लाखांहून अधिक असून बारमाही नदी एकही नाही. वर्षाला सुमारे ५५० मिलिमीटर पाऊस पडतो. आकडा पुण्याच्या पावसापेक्षा फार कमी नाही, पण आपल्या डोक्यावर खडकवासला, पानशेत, वरसगाव आहेत आणि त्यांच्या मागे सह्याद्रीचा पाऊस आहे. माल्टाच्या मागे काही नाही.

त्यातही वेळेचा घोळ आहे. भूमध्य समुद्राच्या प्रदेशात पाऊस हिवाळ्यात पडतो, आणि पर्यटकांची गर्दी जुलै-ऑगस्टमध्ये होते. मागणी शिगेला पोहोचते तेव्हा भिंगात एक थेंबही नव्याने येत नसतो. उन्हाने जमिनीतला ओलावा उडून जातो आणि क्षार मागे राहतात. समुद्रावरून येणारे तुषार आपले मीठ वरून टाकतात ते वेगळेच.

बहारीनची कथा याहून चटका लावणारी आहे. तिथे एकेकाळी जमिनीवर तर झरे होतेच, पण समुद्राच्या तळाशीही गोड्या पाण्याचे झरे उफाळत, आणि मोती काढणारे पाणबुडे बुडी मारून कातड्याच्या पिशव्यांत ते पाणी भरून आणत. विसाव्या शतकात उपसा वाढत गेला, जलधरातला दाब उतरला, आणि झरे एकामागून एक बंद पडून राहिलेल्या पाण्यात क्षार वाढले. सायप्रसने २००८ च्या दुष्काळात ग्रीसहून जहाजांत भरून पाणी आणले. आपल्या टँकरचेच ते मोठे भावंड म्हणायचे.

"समुद्रात जाणारे गोडे पाणी अडवले तर?"

आपल्याकडे धरणांच्या चर्चेत "समुद्रात वाया जाणारे पाणी" हे शब्द इतक्यांदा येतात की ते खरेच वाया जाते असे सगळ्यांना वाटू लागले आहे. किनाऱ्याखालच्या भूजलापुरते तरी ते साफ चूक आहे. भिंगातले गोडे पाणी सतत थोडे थोडे समुद्राकडे झिरपत असते, आणि हाच प्रवाह समुद्राला बाहेर रेटून धरतो. दारावर आतून कोणी खांदा लावून उभे असावे, तसे ते आहे. मुरणारे सगळे पाणी उपसून घेतले, म्हणजे मुरले तेवढेच वापरले असा कागदावर शून्य तोटा दाखवला, की खांदा निघतो आणि दार आत ढकलले जाते. म्हणून बेटावर किती पाणी काढता येईल हे ठरवताना वर्षाला किती मुरते याचा फक्त एक हिस्सा मोजायचा असतो. त्यामुळे सगळ्यांचे समाधान होईल असा आकडा सहसा निघत नाही, आणि मला वाटते की बहुतेक बेटांवरचे खरे भांडण तिथेच आहे, शास्त्रात नाही.

"समुद्रच चढतो आहे, मग पंपांना दोष कशाला?"

समुद्राची पातळी वाढते आहे हे खरे आहे, आणि अगदी सखल, सपाट बेटांना त्याचा मोठा धोका आहे. तिथे वादळी लाटा जमिनीवरून आत येऊन भिंग वरूनही खारट करतात. तरीही २०१२ मध्ये फर्ग्युसन आणि ग्लीसन या दोन संशोधकांनी (आपल्या फर्ग्युसन रस्त्याशी यांचा काही संबंध नाही) अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या जलधरांचा अभ्यास करून असे दाखवले की, अतिशय मंद उताराचे किनारे वगळता, समुद्र चढण्यापेक्षा माणसाच्या उपशाचा परिणाम अधिक होतो. समुद्र मिलिमीटरने चढतो, आणि पंप एका हंगामात पातळी मीटरने उतरवू शकतो.

सौराष्ट्राच्या दक्षिण किनाऱ्यावर, दीव बेटाजवळच्या ऊनापासून पश्चिमेला माधवपूरपर्यंतच्या पट्ट्यात, हे घडून गेले आहे. तिथला चुनखडीचा खडक सच्छिद्र आहे. इंजिने आणि विजेचे पंप आल्यावर बागायत वाढली, आणि काही वर्षांतच किनाऱ्यापासून कित्येक किलोमीटर आतल्या विहिरी खारट झाल्या. गुजरात सरकारला १९७६ मध्ये या प्रश्नासाठी उच्चस्तरीय समिती नेमावी लागली. त्यानंतर नद्यांच्या मुखांशी भरतीचे पाणी अडवणारी दारे, बंधारे आणि पाणी पसरवून मुरवणारे कालवे बांधले गेले, आणि ते काम अनेक दशके चालले.

"मग समुद्राचेच पाणी गोडे करा की"

केले जाते. माल्टाने १९८२ मध्ये असा मोठा प्रकल्प सुरू केला आणि आज तिथल्या नळाच्या पाण्यापैकी निम्म्याहून अधिक पाणी समुद्रातून येते. तंत्र आपल्या घरातल्या आरओचेच आहे, पण दाब कितीतरी जास्त, ५५ ते ७० बार (म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सुमारे तेवढ्याच पट), लागतो. आधुनिक प्रकल्पात हजार लिटरला सुमारे ३ ते ४ युनिट वीज जाते. म्हणजे सोसायटीत येणाऱ्या दहा हजार लिटरच्या एका टँकरएवढ्या पाण्यामागे ३० ते ४० युनिट, आणि ते वर चढवण्याचा खर्च वेगळा. आत घेतलेल्या शंभर लिटरांतून साधारण चाळीस-पंचेचाळीस लिटर गोडे निघते. उरलेले जवळपास दुप्पट खारट होऊन समुद्रात परत जाते, आणि ते कुठे, कसे सोडायचे याचा विचार करावा लागतो.

शहराच्या पिण्यासाठी हा खर्च परवडतो. शेतीला तो बहुधा परवडत नाही, म्हणून नळाला समुद्राचे पाणी आले तरी शेतातल्या बोअर चालूच राहतात. माल्टामध्ये अशा खासगी बोअर हजारोंनी आहेत. शिवाय वीज गेली, किंवा समुद्रात तेल सांडले, तर काही दिवस निभावून नेण्यासाठी जमिनीखालचे पाणी हीच बेटाची बेगमी असते. ती मोडून खाल्ल्यावर यंत्रावरचा भार आणखी वाढतो.

आडवी पळी

उपायांचा गाभा तर्री काढणाऱ्याला ठाऊक असतो तोच आहे. माल्टामध्ये जमिनीत खोल उतरून, समुद्रसपाटीच्या आसपास, कित्येक किलोमीटर लांबीचे आडवे बोगदे खोदले गेले. त्यांत पाणी चारी बाजूंनी हळूहळू झिरपते आणि कुठेही नरसाळे तयार होत नाही. जिथे बोगदे शक्य नाहीत तिथे एका मोठ्या पंपाऐवजी उथळ विहिरींवर विखुरलेले लहान पंप लावून थोडा थोडा वेळ उपसा करणे, हा त्याचाच गरिबांना जमणारा प्रकार आहे.

दुसरी बाजू भरणीची. बर्म्युडात नद्या नाहीत, म्हणून प्रत्येक घराने छपरावरचा पाऊस टाकीत साठवावा असा कायदा आहे, आणि तिथली पांढरी, पायऱ्यापायऱ्यांची छपरे त्यासाठीच तशी असतात. माल्टाच्या वॅलेटा शहरातही जुन्या घरांखाली अशी टाकी असणे सक्तीचे होते. छपराचे पाणी वापरले की भिंगावरचा तेवढा भार उतरतो. कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीने १९७० च्या दशकात आणखी पुढचे पाऊल टाकले. तिथे अतिशय शुद्ध केलेले सांडपाणी किनाऱ्यालगतच्या विहिरींच्या रांगेतून जमिनीत सोडले जाते आणि समुद्रासमोर गोड्या पाण्याची भिंत उभी केली जाते. सांडपाणी म्हटल्यावर नाक मुरडले जाते, पण कोरड्या बेटावर बाराही महिने खात्रीने मिळणारे गोडे पाणी हेच असते.

या सगळ्याआधी मोजणी लागते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा, जिचे मुख्यालय आपल्या पुण्यातच आहे, ठरलेल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. देशावर पातळी कळली की बरेच काही कळते. किनाऱ्यावर पातळीबरोबर क्षारही मोजावे लागतात, आणि तेही एकाच जागी नव्हे तर खोली बदलत बदलत, कारण बातमी खालून वर येत असते.

कोकणात प्लॉट घेणाऱ्यांसाठी

अलिबागपासून गुहागरपर्यंत पुणेकरांची सुट्टीची घरे उभी राहत आहेत, आणि भूमिपूजनाच्या आधी बोअरची गाडी येते. कोकण कोरडे नाही, पण जून ते सप्टेंबर कोसळणारा पाऊस जांभ्यातून आणि वाळूतून भराभरा निघून जातो, आणि एप्रिल-मे मध्ये किनाऱ्याची वाळूची पट्टी एखाद्या कोरड्या बेटासारखीच वागते. पोहण्याचा तलाव नेमका त्याच महिन्यांत भरला जातो. शेजाऱ्याची वाडी आणि आपला प्लॉट यांच्यामध्ये कुंपण असते. भिंगाला ते ठाऊक नसते.

माझ्या मावशीची अलिबागजवळ वाडी आहे. लहानपणी तिथल्या विहिरीवर बैलाचा रहाट पाहिल्याचे आठवते. लोटे भरून येत, पन्हळीत रिते होत, आणि बैल थांबला की पाणी थांबे. त्या संथपणाचा आम्हा मुलांना कंटाळा यायचा. तो रहाट वरच्या थरातलेच पाणी काढत होता, हे कळायला पुढे बरीच वर्षे गेली. रहाट जाऊन पाच अश्वशक्तीचा पंप आला आणि काही उन्हाळ्यांत पोफळींची पाने टोकांपासून करपू लागली. नारळ तग धरून राहिले, कारण त्यांना थोडे मीठ चालते. मावसभावाने आधी खताला दोष दिला, मग रोगाला. शेवटी मी पुण्याहून नेलेला, घरातल्या आरओसाठी घेतलेला टीडीएस मीटर (लिटरमागे किती मिलिग्रॅम क्षार विरघळले आहेत ते दाखवणारा) विहिरीच्या पाण्यात धरला, तेव्हा मे महिन्यातला आकडा दोन हजारांच्या पुढे गेला.

आता पंप दीड अश्वशक्तीचा आहे. फूटव्हॉल्व्ह, म्हणजे पाणी खेचणाऱ्या पाइपाचे खालचे तोंड, आठ फूट वर घेतला आहे, आणि सकाळी अर्धा तास व संध्याकाळी अर्धा तास एवढेच पाणी काढले जाते. घराच्या छपराची पन्हळ विहिरीशेजारच्या खड्ड्यात सोडली आहे. दोन पावसाळ्यांनंतर मे महिन्यातला आकडा चौदाशेवर आला. मावसभावाने पोफळीची वीस नवी रोपे लावली, त्यांतली अकरा जगली आहेत. शेजारच्या प्लॉटवर गेल्या महिन्यात बोअरची गाडी आली होती. दीडशे फुटांवर भरपूर पाणी लागले म्हणून त्यांनी पेढे वाटले.